सुंभाचं टोक

मांजराच्या पिल्लासमोर बोटं नाचवायला मला फार आवडायचं, आणि त्यानं चावा घेतला की त्याचाच भयंकर राग यायचा. एकदा मास्तरांनी माझे ओरबाडलेले हात बघून विचारलं, “करवंदांच्या जाळीत शिरली होतीस काय गं?” मी पाय आपटत घरी आले आणि म्हटलं, पिल्लाला आजच्या आज हाकला.

आई पडवीत काथ्याचं सुंभ वळत होती. “हातांनी खेळवतंस कित्याक गो? तेका खेळूक कायतरी दी,” म्हणत तिनं हातभर सुंभ तोडून दिलं. पिल्लू अंगावर आलं की हात हलवायचा नाही, सुंभ नाचवायचं. आठ दिवसांत ते माझे हात विसरलं आणि लोंबणाऱ्या दोरीमागे वेडं झालं.

मे महिन्यात वडील मुंबईहून रजेवर आले. आंघोळ करून पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात ऐटीत पडवीत उभे राहिले. नाडी पुढे लोंबत होती. पिल्लानं झेप घेतली आणि गाठच सुटली! दोन्ही हातांनी लेंगा सावरत वडील ओरडले, “ह्या मांजराक कोणी कायव शिकवलां नाय काय?”

आईनं मान वर न करता सांगितलं, “शिकवलां तर! हात बघा तुमचे. एक तरी ओरखडो आसा?”