गंगाधरकाकांचा लांबलचक प्रश्न

गंगाधर बिराजदार आमच्या रेडिओ केंद्रात पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन.

"तुमची निवेदिका 'वेळ'ला 'वेल' म्हणती," ते दारातूनच म्हणाले. "मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली. त्यातली एकोणीस होटगीला गाड्यांच्या घोषणा करण्यात. उच्चार म्हंजे काय ते मला सांगू नका."

ती निवेदिका म्हणजे मी. मी अंकिता, आणि आमचं केंद्र म्हणजे होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. सामुदायिक रेडिओ म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. आमच्याकडं एक रेकॉर्डिंगची खोली आहे, तिच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून सोलापुरी चादरी ठोकल्या आहेत, आणि काचेच्या अलीकडं यंत्रापाशी मी बसते. मी माझ्या 'ळ'बद्दल माफी मागितली, काकांना बसायला खुर्ची दिली आणि त्यानंतर पंधरा दिवसांत ते माइकसमोर होते. आवाजच तसा होता. नुसतं 'नमस्कार' म्हणाले तरी माणूस पिशवी उचलून उभा राहील, असा.

त्यांच्या कार्यक्रमाचं नाव त्यांनीच ठेवलं, 'बसा की'. काकांचं गाव वळसंग, घरात निम्मी कन्नड. "आमच्याकडं दारात आलेल्याला आधी 'कुंद्री' म्हणत्यात, म्हंजे बसा," त्यांनी मला समजावलं. "मग पाणी, मग चहा, मग काय असंल ते काम." दर बुधवारी अर्धा तास. कधी एखाद्या संस्थेचे लोक, कधी लेखक, कधी डॉक्टर, कधी शेतीतले जाणकार. पाहुण्यांना ते आधी दहा प्रश्न लिहून पाठवायचे आणि उत्तरंही लेखीच मागवायचे. एवढी तयारी करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

अडचण एकच होती. मागवलेली सगळी उत्तरं ते प्रश्नातच सांगून टाकायचे.

जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींवर पुस्तक लिहिलेले एक प्राध्यापक आले होते. काकांचा पहिला प्रश्न पहिल्या प्रकरणापासून सुरू झाला आणि शेवटच्या प्रकरणात संपला. "...असंच ना?" काकांनी विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "असंच." बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पुस्तक माझंच आहे ना, म्हणून घरी जाऊन एकदा बघतो." सापांचे एक जाणकार तर अख्ख्या कार्यक्रमात 'हो', 'अगदी' आणि 'धन्यवाद' एवढंच बोलून गेले. मी एकदा घड्याळ लावून बसले. अठ्ठावीस मिनिटांत काका एकवीस मिनिटं बोलले, पाहुणे पाच, आणि उरलेली दोन मिनिटं संगीताची.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा मात्र कमाल झाली. डॉक्टरांना कशीतरी संधी मिळाली आणि ते घाईघाईनं म्हणाले, "पावसाळ्याआधी लस द्यायची, शेळीला विसरू नका."

"शाळेला!" काका गहिवरून म्हणाले. "फार मोलाचं बोललात, डॉक्टर. ज्या शाळेनं आपल्याला घडवलं..." आणि पुढची चार मिनिटं ते वळसंगच्या शाळेवर बोलले. डॉक्टर काचेतून माझ्याकडं बघत राहिले. मी खांदे उडवले. आम्हाला वाटलं, काका नेहमीसारखे भरकटले. श्रोत्यांना तर तो भाग इतका आवडला की तो पुन्हा लावा म्हणून फोन आले. लसीची आठवण कुणालाच राहिली नाही.

मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. "काका, पाहुण्यांना थोडं बोलू द्या की."

"देतो की," ते म्हणायचे. "पण त्ये बोलतच न्हाईत."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडं रुद्राणी आली. तिशीतली, शिवणकाम करणारी, आणि जन्मतः नाही, पण लहानपणापासून पूर्ण बहिरी. शहराच्या पूर्व भागात ती बहिऱ्या मुलींना शिवण शिकवते. दोन खोल्या, सात मशिनं, चौदा मुली अशी तिची छोटी संस्था. सोबत तिची थोरली बहीण श्रीदेवी होती. रुद्राणी हातांच्या खुणांनी बोलणार आणि श्रीदेवी ते आवाजात सांगणार, असं ठरलं होतं. रेडिओवर असं कुणी आणावं का, यावर आमच्याकडं बराच वाद झाला होता. काका मात्र ठाम होते. "आणा की. का न्हाई?"

खरं सांगायचं तर मी काचेआड थोडी खुशीत होते. ज्यांचं बोलणं कुणापुढं थांबत नाही, त्यांची गाठ आज ऐकूच न येणाऱ्या बाईशी होती.

काकांनी सुरुवात केली. "श्रोतेहो, आज आपल्याकडं आलेल्या मूकबधिर भगिनी..."

श्रीदेवीचे हात हलले. रुद्राणीनं लगेच हात वर केला आणि काहीतरी सांगितलं.

"ती म्हणते, बहिरी म्हणा," श्रीदेवी म्हणाली. "मुकी म्हणू नका. ती भरपूर बोलते."

काकांनी मान डोलावली आणि पहिला प्रश्न विचारला. त्यात रुद्राणीचा जन्म, तिचं शिवणकाम, मुलींची संख्या, मशिनांचा खर्च, समाजाची उदासीनता आणि एक कविता होती. सव्वादोन मिनिटांनी ते थांबले. श्रीदेवीनं चार खुणा केल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच विचारलंत तुम्ही," श्रीदेवी म्हणाली. "कशी आहेस."

मी माझ्याकडचा माइक बंद आहे ना ते पाहून मोठ्यानं हसले. आत रुद्राणीही हसत होती. तिनं उजव्या हाताची बोटं आणि अंगठा चोचीसारखे भराभर उघडमीट केले आणि काकांकडं बोट दाखवलं.

"आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं," श्रीदेवी जरा संकोचून म्हणाली. "तिनं तुमचं ठेवलं."

काकांना ते आवडलं. त्यांनी स्वतःही तशी चोच करून पाहिली. मुलाखत पुढं सरकली. रुद्राणी खुणा करू लागली की श्रीदेवीला मान वळवून तिच्या हातांकडं पाहावं लागायचं आणि ती तशीच, भिंतीवरच्या चादरीकडं तोंड करून बोलायची. तेवढ्या वेळात काका काहीतरी भलतंच बोलायचे. श्रीदेवीनं सांगितलं, "मुली आता ब्लाउजसुद्धा शिवतात." काका म्हणाले, "अरेरे. पण खचून जायचं नाही."

रुद्राणीला ते शब्द कळत नव्हते, पण काकांचा चेहरा दिसत होता. एका क्षणी तिनं हात थांबवले आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग सावकाश काही खुणा केल्या.

"काय म्हणतात त्या?" काकांनी विचारलं.

"ती म्हणते..." श्रीदेवी आता त्यांच्याकडं तोंड करून म्हणाली, "ती म्हणते, तुम्हाला ऐकू कमी येतं का? मी बोलताना तुम्ही माझ्या ओठांकडं बघता."

"छे छे!" काका हसले. "खणखणीत ऐकू येतं. एकोणीस वर्षं घोषणा केल्यात मी."

घोषणा करायला कान लागत नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. रुद्राणीनं बहिणीला काहीतरी सांगितलं. श्रीदेवीनं समोरची वही उचलून तोंडासमोर धरली आणि वहीमागून नेहमीच्याच आवाजात काही बोलली.

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "अगदी बरोबर. समाजानं हे लक्षात घ्यायलाच हवं."

श्रीदेवीनं वही खाली केली. "मी म्हटलं, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण लटकतंय. जाताना काढून द्या, ती लावून देईल."

काकांनी खाली बघितलं. बटण लटकत होतं.

त्यानंतर आमच्या केंद्रात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. गंगाधरकाका गप्प बसले. मी यंत्रावरचे सेकंद बघत होते. दहा, पंधरा, वीस. रेडिओवर वीस सेकंद म्हणजे फार मोठा काळ. रेकॉर्डिंग थांबवावं असं मला वाटलं, पण हात पुढं झाला नाही.

"कसं कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं. दोनच शब्द.

"माझ्याकडं नवीन येणारी मुलगी असंच करते," रुद्राणीचं उत्तर आलं. "न कळताच मान हलवते. समोरच्यानं काही विचारू नये म्हणून आपणच बोलत राहते. मीही करायचे."

"मला आवाज येतो," काका म्हणाले. माइकवर ते नेहमी पुस्तकी बोलायचे, ते सुटलं. "पण शब्द न्हाई कळत. सगळं धुरकट येतं. लाज वाटती ओ सांगायला. बोलण्यावरच तर माझं नाव हाय."

मग दोघं बोलत बसले. काकांचे प्रश्न चार-पाच शब्दांचे झाले, कारण आता त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तुम्हाला शेवटचा आवाज कुठला आठवतो, असं त्यांनी विचारलं. रुद्राणी म्हणाली, शेजारच्या यंत्रमागांचा. चौथ्या वर्षी ताप आला आणि ऐकणं गेलं, पण तो आवाज तिला अजून कळतो, फरशीवर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांतून. माग बंद असतील त्या दिवशी घर परकं वाटतं. मी हे ऐकलं आणि घड्याळ बघायचं विसरले.

बाहेर आल्यावर रुद्राणीनं पर्समधून सुई-दोरा काढला, काकांना उभं केलं आणि अंगावरच्या शर्टाला तिथंच बटण लावलं. बहिणी गेल्यावर काका माझ्याजवळ आले.

"अंकिताबाई, त्ये कानाचं तेवढं कापून टाका."

मी त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश म्हटलं, "टाकते." आणि मग एक शंका आलीच. "काका, माझा 'ळ' खरंच बिघडलेला होता का हो?"

ते ओशाळले. "आता काय सांगावं?"

त्या 'ळ'पायी मी दोन महिने रोज सकाळी आरशासमोर 'काळा कावळा' घोकला होता.

दुसऱ्या दिवशी मी कात्री चालवायला बसले होते, तेवढ्यात काका हजर. सोबत त्यांच्या पत्नी, गोदावरीकाकू. त्या याआधी केंद्रात कधी आल्या नव्हत्या.

"कापू नका," काका म्हणाले.

"काल जेवताना हे मला सांगायला लागले, गोदावरी, मला ऐकायला कमी येतंय," काकू म्हणाल्या. "लई मोठं गुपित सांगितल्यागत. आता, सात वर्षं मी ह्यांच्याशी वरडून बोलतीय. शेजारच्यांना वाटतं, आमचं रोजच भांडण असतंय. मला काय ठाऊक न्हवतं व्हय?"

"मग बोललात का नाही, काकू?"

"बोलले की. ह्यांना ऐकू कुटं आलं?"

बुधवारी आम्ही मुलाखत जशीच्या तशी लावली. वीस सेकंदांच्या शांततेत तीन फोन आले, रेडिओ बंद पडला का म्हणून. काकू घरी रेडिओपाशी बसल्या होत्या, त्यांनी त्या वीस सेकंदांत आपल्या शेजारणीला सांगितलं, "बघ, भांडण न्हवतं." कार्यक्रम संपल्यावर मात्र फोन थांबेनात. निम्मे लोक रुद्राणीच्या शिवणवर्गाचा पत्ता विचारत होते. दोन गावांतून बहिऱ्या मुलींच्या आया बोलल्या. उरलेले बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष होते आणि सगळे आपल्या एका मित्रासाठी चौकशी करत होते. त्या मित्राला म्हणे जरा कमी ऐकू येत होतं.

काका कानाच्या दवाखान्यात एकटे गेले नाहीत. होटगीचे त्यांचे निवृत्त सहकारी कुंडलिक आणि आणखी दोघं सोबत गेले. चौघांनीही नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं की आपण दुसऱ्याला सोबत म्हणून आलो आहोत. तिथल्या बाईनं चौघांचीही तपासणी केली. वयानं, आवाजानं, कशानं हे झालं ते कुणी खात्रीनं सांगितलं नाही, पण तिघांना यंत्रं लागली. चौथ्याच्या कानात मळ निघाला, तर तो हिरमुसला.

यंत्र बसल्यावरचे पहिले काही दिवस काका हैराण होते. पंखा एवढा वाजतो, हे त्यांना माहीत नव्हतं. भाकरी थापताना काकू पुटपुटतात, हेही माहीत नव्हतं. काय पुटपुटतात ते त्यांनी मला सांगितलं नाही. कार्यक्रमात आता पाहुणे अठरा-वीस मिनिटं बोलतात. तक्रार आली तर काकांचीच येते. "अंकिताबाई, काही काही पाहुणे लई रटाळ असत्यात हो," परवा ते म्हणाले. "इतकी वर्षं मला पत्ताच न्हवता."

दर शनिवारी दुपारी ते रुद्राणीच्या वर्गात खुणांची भाषा शिकायला जातात. यंत्र आहे ते आहे, पण पुढं कान आणखी गेले तर आधीच हात तयार असावेत, असं त्यांचं म्हणणं. श्रीदेवी सांगते की विद्यार्थी म्हणून ते फारसे हुशार नाहीत. पाच बोटांत सांगायची गोष्ट दोन्ही हातांनी, खांद्यापासून सांगतात, आणि शेजारच्या मुलीला जपून बसावं लागतं. मागच्या शनिवारी मी तिथं रेकॉर्डिंगला गेले होते. काकांना चहा हवा होता. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं काय खूण केली देव जाणे, एक मुलगी उठली आणि तिनं त्यांच्या हातात कापड कापायची कात्री आणून ठेवली. काकांनी ती नीट बघितली, मांडीवर ठेवली आणि हनुवटीपासून हात पुढं नेत तिचे आभार मानले. ती खूण मात्र त्यांना पक्की येते.