ऐनाची लांबोडी पानं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी पिंपळवंडीचा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझी पीएच.डी. ऐन या जंगली झाडाच्या पानांच्या आकारावर आहे. काम तसं साधं: पान स्कॅन करायचं, कडेवर ठरलेल्या जागी टिंबं द्यायची. मग कॉम्प्युटर सगळी पानं एका मापाची करून एकावर एक ठेवतो. उरतो तो निव्वळ आकारातला फरक. चार वर्षं मी टिंबं देत बसलो. शेवटी आलेखात दोन वेगळे पुंजके उमटले — रुंद पानांचा एक, लांबोड्यांचा एक. ऐनाचे दोन प्रकार! मी हुरळून गेलो.

पानं काढून दिली होती आंबेगावच्या डोंगरातल्या कोंडिबांनी. सत्तरीतला माणूस, पण झाडावर सरसर चढायचा. झाडाचं काहीही असो, गाव त्यांनाच विचारायचं. मीही लॅपटॉप घेऊन आधी त्यांच्याकडेच गेलो. ते हसले.

"अवो सर, ही राबाला तोडल्याली झाडं. फुटव्याची पानं अशीच लांबोडी येत्यात. दोन सालं तोडू नका, मंग बघा."

राब म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर फांद्या-पाला जाळून जमीन भाजतात, ते. आमच्या बागायती गावात राब नाही — पण विचारता तर आलं असतं? खात्री करायची तर दोन वर्षं थांबावं लागणार होतं, आणि नोकरी पक्की व्हायची तर पीएच.डी. लगेच हवी होती. मी प्रबंध देऊन टाकला.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. परीक्षक झाडं बघायला आले. कोंडिबांनी त्यांनाही तेच सांगितलं. मी इंग्रजीत म्हणालो, वयामुळे यांचा जरा गोंधळ होतो. परीक्षकांनी समजल्यासारखी मान हलवली. कोंडिबांना इंग्रजी येत नाही. पण ती मान त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी हातातलं पान उलटंपालटं करत राहिलो. मला तेव्हाही लाज वाटली होती.

अजून मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो. परवा एका मुलीनं कोंडिबांना विचारलं, या झाडांची पानं अशी वेगळी का?

"मला न्हाई त्यातलं कळत, पोरी," ते म्हणाले. "तुज्या सरांना इचार."

तिनं वही उघडून माझ्याकडे बघितलं. कोंडिबाही बघत होते.

मी सांगितलं — दोन प्रकार आहेत.