ढोल जमिनीवर ठेवले तेव्हा

"सर, वुई आर फुल्ली कम्प्लायंट," असं म्हणून त्या तरुणाने माझ्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला.

गठ्ठ्याला छान क्लिप लावलेली होती. कागद नावांप्रमाणे लावले होते. मी चष्मा चढवून पाहिलं. सगळे दारू पिण्याचे एक दिवसाचे परवाने होते, प्रत्येक माणसाच्या नावाचा वेगळा, रीतसर भरलेला. समोर हडपसरच्या बाजूच्या एका कॉलेजचं फुटबॉलचं मैदान. मैदानाच्या कडेला गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीची डिकी उघडी आणि प्रत्येक डिकीत बर्फाच्या थर्माकोलच्या पेट्या. पेट्यांत काय होतं ते मला वासावरून कळत होतं. इतकी वर्षं त्याच वासाचा पगार घेत होतो.

मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक होतो. लोक त्याला दारूखातं म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. आमच्या घरी आई रोज सकाळी पंचशील म्हणायची. त्यातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. पोरगा सरकारी नोकरीला लागला म्हणून तिने गल्लीत पेढे वाटले, आणि खातं कुठलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता परवान्याचं सांगतो, कारण पिणाऱ्यांनाही ते बहुधा माहीत नसतं. आपल्या राज्यात दारू विकायलाच नाही, प्यायलाही परवाना लागतो. बिअरला वय एकवीस पूर्ण हवं, कडक दारूला पंचवीस. एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. पण परवाना आहे म्हणून कुठेही उघड्यावर बसून प्यायची मुभा नसते, आणि कॉलेजच्या आवारात तर नाहीच नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आहे म्हणून कोणी फुटपाथवरून गाडी चालवत नाही. पुण्यात चालवतात, पण ते सोडा.

"नाव काय आपलं?" मी विचारलं.

"अमेय. याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. आता प्रोजेक्ट मॅनेजर आहे."

"अमेयराव, हे परवाने खरे आहेत. पण इथे त्यांचा उपयोग शून्य."

"पण सर, मी सगळी प्रोसेस फॉलो केली. तीन आठवडे फॉलोअप केला."

"केलात. चुकीच्या प्रोसेसचा केलात."

त्याचा चेहरा उतरला. माणूस लबाड नव्हता. अमेरिकेत दोन वर्षं ऑनसाइट राहून आला होता. तिथे कॉलेजच्या फुटबॉल मॅचआधी लोक पार्किंगमध्ये गाड्या लावतात, मागची दारं उघडतात, खातात, पितात, आणि मग मॅच बघायला जातात. त्याला टेलगेट म्हणतात, असं त्याने मला मोठ्या उत्साहाने समजावलं. आपल्या कॉलेजलाही असं काही हवं, या एका कल्पनेपायी त्याने आयटीत लागलेल्या सगळ्या जुन्या पोरांना ईमेल धाडले होते. त्या काळी हडपसरला शेतं मागे सरत होती आणि काचेच्या इमारती पुढे येत होत्या. पोरांच्या हातात पैसा आला होता, गाड्या आल्या होत्या, पण त्या घेऊन जायचं कुठे ते ठरलेलं नव्हतं.

"तिथे पोलीस नसतात का?" मी विचारलं.

"असतात ना सर. पण त्या झोनमध्ये ते काही बोलत नाहीत."

"म्हणजे झोन कोणीतरी ठरवून दिलेला असतो."

"हो."

"इथला झोन कोणी ठरवला?"

अमेयने क्षणभर विचार केला. "मीच," तो म्हणाला.

माझ्याबरोबर दोन जवान आणि एक ड्रायव्हर. जवान म्हणजे आमच्या खात्यातले शिपाई. त्यातला गायकवाड मांजरीकडचा. तो रांगेतून फेरी मारून आला आणि म्हणाला, "साहेब, हितं निम्मं वाईन शॉप रिकामं केलंय. उचलायचं म्हटलं तर टेम्पो लागंल. आपल्याकडं जीप हाय."

त्याचं म्हणणं खरं होतं. गुन्हा दाखल करणं म्हणजे नुसतं बखोट धरणं नव्हे. जप्त केलेल्या मालाला मुद्देमाल म्हणतात. प्रत्येक बाटली मोजायची, नमुने काढायचे, सील लावायचं, पंचनामा लिहायचा. पंचनाम्याला दोन त्रयस्थ माणसं साक्षीला लागतात. त्या मैदानावर एकही त्रयस्थ माणूस नव्हता. सगळे एकाच कॉलेजचे, एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले, आणि मॅच अजून सुरू व्हायची होती.

सकाळी अधीक्षक साहेबांनी बजावून सांगितलं होतं. शेजारच्या सोसायटीतून लेखी तक्रार आली होती. "वाघमारे, रिकाम्या हाताने यायचं नाही. एक तरी गुन्हा पाहिजे." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

मी गायकवाडला म्हटलं, "पहिल्या गाडीपासून सुरुवात कर." तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या दंडाला हात लावला.

ते देशमाने सर. कॉलेजचे क्रीडाशिक्षक, निवृत्तीला आलेले. गळ्यात शिट्टी. सरांनी मला बाजूला नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, आपण कारवाई करा. आपलं काम आहे. फक्त एक ऐका. हे मैदान कॉलेजचं नाही, संस्थेचं आहे. संस्थेला इथे लग्नाचं लॉन करायचंय. गेल्या वर्षी काचा सापडल्या, आमच्या गोलकीपरच्या गुडघ्याला टाके पडले. तेव्हाच त्यांनी लिहून घेतलं माझ्याकडून. मैदानावर दारूचा एक जरी गुन्हा नोंदला गेला, तर फुटबॉल बंद."

"मग ह्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, सर, काळजी करू नका, परवाने काढलेत."

मला हसू आलं आणि राग पण आला. एका बाजूला साहेबांचा हुकूम, दुसऱ्या बाजूला हा म्हातारा होत चाललेला माणूस आणि त्याचं मैदान. कारवाई केली तर मैदान जाणार. नाही केली तर पोरं पिऊन आत घुसणार, बाटल्या फुटणार, आणि मैदान तरीही जाणार. मी पुन्हा अमेयकडे गेलो. माल गाडीत बंद करा आणि गाड्या बाहेर काढा, असं मी त्याला सांगितलं. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तो एका गाडीपाशी जाऊन सांगायचा, तोवर दुसरीकडे नवी बाटली उघडायची. त्याची टीम ऑफिसात ऐकत असेल. इथे कोणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात गेटमधून ढोल आले.

कॉलेजचं स्वतःचं ढोल-ताशा पथक होतं. काही शिकणारी मुलं-मुली, काही आता नोकरी करणारे. पांढरे झब्बे, डोक्याला फेटे, कमरेला बांधलेले ढोल. त्या कॉलेजची रीत अशी, की ढोल वाजल्याशिवाय टीम मैदानात पाऊल टाकत नाही. किती वर्षांची रीत ते देशमाने सरांनाही सांगता येईना. ढोल दिसल्याबरोबर गाड्यांपाशी जल्लोष झाला. लोक बाटल्या उंचावून नाचू लागले. मी मनात म्हटलं, झालं, आता आवरत नाही.

पथक रांग धरण्यासाठी थांबलं. काहींनी ढोल सोडून गाड्यांच्या कडेला उभे ठेवले आणि पाणी प्यायला लागले. नाचून दमलेला एक टी-शर्टवाला तिथे आला. त्याने आजूबाजूला टेबल शोधलं. टेबल नव्हतं. त्याने हातातला बिअरचा कॅन ढोलाच्या पानावर ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. पान म्हणजे ढोलाचं तोंड, जिथे वाजवायची काठी, टिपरू, पडतं ते. पथकं सीझन सुरू होण्याआधी या वाद्यांची हळद-कुंकू वाहून पूजा करतात. पाय लागला तर नमस्कार करतात.

पथकाची प्रमुख एक मुलगी होती, मृणाल. अमेयच्याच बॅचची, हडपसरच्याच एका आयटी कंपनीत टेस्टर. तिने ते पाहिलं. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. मी गायकवाडला डोळ्यानेच जवळ बोलावलं.

ती चालत आली. तिने कॅन उचलला आणि त्या माणसाच्या हातात दिला. फेट्याचं टोक सोडून तिने पानावरचा ओला गोल पुसला, एकदा, मग पुन्हा एकदा. मग तिने स्वतःच्या कमरेचा ढोल सोडला, हळूच जमिनीवर ठेवला, आणि त्याच्यामागे हात बांधून उभी राहिली.

तिच्या शेजारच्या पोराने ढोल सोडला. मग त्याच्या शेजारच्याने. कोणी कोणाला खूण केली नाही. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ढोल खाली गेला. ताशेवाल्यांनी काड्या ताशावर आडव्या ठेवल्या. ध्वज घेतलेल्या मुलीने ध्वज खांद्याला टेकवला. सगळे हात बांधून उभे.

मी मोर्चे पाहिलेत, दंगली पाहिल्यात, हातभट्टीवर धाडी टाकताना अंगावर आलेल्या बायका पाहिल्यात. पण त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला. आवाज करण्यासाठीच जमलेली माणसं अशी गप्प उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

गाड्यांपाशी लोकांना आधी कळेना. "ढोल! ढोल!" असा गलका झाला. तो हळूहळू विरला. अमेय धावत आला.

"मृणाल, काय झालं? टीम आत थांबलीये."

"थांबू दे."

"अगं, तो नवीन आहे, त्याला माहीत नव्हतं. मी सॉरी म्हणायला लावतो."

"त्याचं नाही रे काही. तुला माहीत होतं ना? तू तीन वर्षं पथकात होतास. प्यायलेला माणूस ढोल बांधत नाही आणि जिथे दारू चाललीये तिथे ढोल वाजत नाही. हा नियम तूच आम्हाला शिकवलास."

अमेय मागे फिरला, स्वतःच्या गाडीपाशी गेला, डिकीतली पेटी उचलली आणि कुंपणाजवळच्या चरात बाटली उपडी केली. मग दुसरी. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो कोणाकडे बघत नव्हता. थोड्या वेळाने शेजारच्या गाडीतला एक दाढीवाला आला आणि त्याच्या शेजारी उभा राहून ओतू लागला. मग आणखी दोघे. मग सगळी रांग.

फेस वाहत चरातून खाली जाऊ लागला. चांगल्या महागड्या बाटल्याही होत्या त्यात. एक-दोघांनी कुरकुर केली, नाही असं नाही. पण त्यांनीही ओतली.

गायकवाड माझ्या कानाशी कुजबुजला, "साहेब, मुद्देमाल चाललाय."

"दिसतंय मला."

"आडवायचा न्हाय?"

मी पथकाकडे पाहिलं. देशमाने सर तिथेच उभे होते, शिट्टी मुठीत धरून. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. "नाही," मी म्हटलं. "रिकाम्या बाटल्या फुटणार नाहीत तेवढं बघ." मग माझे दोन्ही जवान त्या आयटीवाल्यांबरोबर पोत्यात बाटल्या भरू लागले. ज्यांनी आधीच प्यायली होती त्यांच्या गाड्यांच्या चाव्या देशमाने सरांनी स्वतःच्या खिशात घातल्या. संध्याकाळी ते सगळे रिक्षाने घरी गेले.

शेवटची डिकी बंद झाली तेव्हा मृणालने वाकून ढोलाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि ढोल कमरेला बांधला. ताशा एकटा तडतडला. मग सगळे ढोल एकदम पडले. तो पहिला ठोका मला छातीत लागला. मला नाचता येत नाही, आणि युनिफॉर्ममध्ये नाचायचीही सोय नसते. मी टोपी काढून उभा राहिलो, एवढंच करता आलं.

मॅच ते कॉलेज हरलं. मैदान राहिलं. लग्नाचं लॉन संस्थेने पुढे दुसरीकडे केलं.

मी ऑफिसात जाऊन साहेबांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे माल होता, माणसं होती, तुम्ही होतात, आणि गुन्हा नाही."

"नाही साहेब."

"माल कोणी नष्ट केला?"

"ज्यांचा होता त्यांनीच."

"तुमच्या आदेशावरून?"

"माझं कोण ऐकत होतं, साहेब?"

साहेबांनी मान हलवली आणि फाइल बंद केली. तक्रार करणाऱ्या सोसायटीला कळवलं गेलं, की पाहणी केली, मैदानावर आता मद्य नाही. सोसायटीने उलट टपाली ढोलाच्या आवाजाची तक्रार केली. ती आमच्या खात्यात बसत नव्हती.

आमच्या कायद्यात दारू गाळण्याला कलम आहे, नेण्याला आहे, बाळगण्याला आहे, पिण्यालाही आहे. त्या सगळ्या कलमांनी माणूस घाबरतो, आणि बहुतेक वेळा फक्त जागा बदलून पितो. पुढच्या वर्षी त्याच मॅचच्या बंदोबस्ताला किती जवान देऊ, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "जवान राहू द्या साहेब. पथक येणार आहे का, तेवढं विचारून घ्या."