उंबरापलीकडची दुनिया

सुमनबाई गेल्याचा फोन गेल्या महिन्यात आला, तेव्हा मी जालन्याच्या भाजीबाजारात होते. रडू यायच्या आधी हसूच आलं... बाईंनाही तेच आवडलं असतं.

सत्तरच्या दशकात कुंभार पिंपळगावला त्या आमच्या तिसरीच्या बाई. आमच्यासाठी गोष्टी लिहायच्या. त्यातली एक साप्ताहिकात छापून आली आणि आख्खा वर्ग तिच्यावर तुटून पडला. तिच्यात पलीकडच्या दुनियेत जायची युक्ती होती. बाईंनी लिहिलं होतं, ‘उंबऱ्यावर उजवा पाय ठेवा, डोळे मिटा.’ छापखान्यात ‘ऱ्या’चा खिळा संपला असावा, छापून आलं, ‘उंबरावर’. झालं! ओढ्याकाठच्या उंबरावर आम्ही सगळे चढलो. मुंग्या कडाडून चावत होत्या, पण पलीकडची दुनिया मला दिसली, अगदी शपथ! तिथली शाळा पाण्यावर तरंगत होती आणि कासवं पाढे म्हणत होती.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले रामा आबा काठी आपटत आले. “दत्ताच्या झाडाला पाय लावून राह्यले? कुनी शिकवलं?”

“बाईंनी!” आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं. आबा तडक जाऊन बाईंनाच घेऊन आले. बाई बौद्ध घरातल्या, गावात नवीन. प्रकरण चिघळायला वेळ लागला नसता, हे मला आज कळतं. ‘छापखान्याची चूक’ एवढं म्हटलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. पण मग आमची दुनियाच खोटी ठरली असती. त्या बोलणार, तोच मी फांदीवरून ओरडले, “बाई, कासवं पाढे म्हनून राह्यलीत!”

बाई थांबल्या... “कितीचे गं?”

“साताचे!”

त्या आबांकडे वळल्या. “आबा, चूक माझीच. पाय न्हाई, हात लावायचा व्हता.”

आम्ही भराभर उतरून खोडाला हात लावले. पुटपुटत का होईना, आबांनीही लावला, डोळे मिटले.

“दिसलं का काही?” बाईंनी विचारलं.

“मही मेलेली म्हैस!” आबा डोळे न उघडताच म्हणाले. “चरून राह्यली की बिलकुल!”

परवा बाईंच्या लेकीने त्यांची जुनी वही माझ्या हातात ठेवली. त्यात ती गोष्ट आहे, बाईंच्या गोल अक्षरात. ‘उंबऱ्यावर उजवा पाय’ खोडून वर लिहिलंय, ‘उंबराला उजवा हात’. आणि समासात बारीक ओळ: ‘दुरुस्ती, जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावरून.’