चढावरचा थांबा

हसनचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागल एमआयडीसीत, आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी होते. शनिवार होता. फोनवर मास्तर. "चाचा गेले गं. सकाळी च्या घेतला आन् गेले." माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की उद्या रविवार, आणि उद्या चाचांना आम्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती आता कोण सांगणार? नंतरचे चार आठवडे या प्रश्नानं मला एका जागी बसू दिलं नाही.

चाचा शिवाजी पेठेत बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. बारा वर्षांपूर्वी वडिलांची पेटी घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा टेप चालू होता. गाणं नव्हतं. एका जुन्या विनोदी मराठी सिनेमातलं नुसतं पार्श्वसंगीत होतं. नायक उसनी सायकल घेऊन, काखोटीला कोंबडी मारून मुलगी बघायला निघालाय, आणि तीस-चाळीस वाद्यं एकमेकांच्या पायात पाय घालत त्याच्यामागं धावताहेत. मी दुकानात उभ्या उभ्या मोठ्यानं हसले. चाचांनी हातातला भाता खाली ठेवला. "हसलीस न्हवं? मग ऐतवारी ये. आमी तिघं असतोय, चौथी तू."

तिघं म्हणजे चाचा, चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि शेजारच्या दूधवाल्या शालनवहिनी. सिनेमाचं नाव कोणी काढत नसे. त्या सात मिनिटांच्या तुकड्यावर आमचा सगळा जीव. रीत अशी, की टेप लावण्याआधी प्रत्येकानं एक वाद्य निवडायचं, फक्त त्याच्या मागं जायचं आणि नंतर काय दिसलं ते सांगायचं. मास्तर बासरीमागं जायचे. शालनवहिनी ढोलामागं. "म्हशीमागं फिरून सवय झालीया, मोठ्या अंगाचंच बरं पडतंय." मला क्लॅरिनेट मिळालं, कारण सगळा वात्रटपणा तेच करतं. चाचा मात्र कशाच्याच मागं जात नसत. ते थांब्याची वाट बघत.

सायकल चढावर येते आणि सगळं संगीत एकदम थांबतं. दहा आकडे मोजून होईपर्यंत काही नाही... आणि मग सगळी पितळी वाद्यं एकदम भसकन अंगावर येतात. चाचा म्हणायचे, "हसायच्या आधी माणूस दम घेतोय का न्हाय? तसा ह्यो बाजा दम घेतोय. चाल कुणीबी लावंल. थांबायची अक्कल कुणाला हाय?" त्या जागी आम्ही चौघंही श्वास धरायचो. कोणी आधी सोडला तर शालनवहिनी त्याच्या पाठीत रट्टा घालायच्या.

यंदा त्या सिनेमाची स्वच्छ केलेली प्रत मला मोबाइलवर सापडली. चढ आला, आणि संगीत थांबलंच नाही. सरळ पुढं गेलं. मी तीनदा ऐकलं. चाचांची कॅसेट त्यांच्या मेहुण्यानं टीव्हीसमोर टेप धरून भरलेली. चढावर पहिली बाजू संपली असणार आणि त्यानं कॅसेट उलटली असणार. चाचांचा टेप आपोआप बाजू बदलणारा, म्हणून आम्हाला तिथं नुसती दहा आकड्यांची शांतता ऐकू यायची. आमच्या कामात माप चुकलेला भाग लपवत नाहीत, त्याला लाल खूण करतात. चाचा जायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मी त्यांच्या घरी गेले. छातीच्या दुखण्यानं ते दोन महिने अंथरुणावर होते. मी प्रस्तावना केली नाही. "चाचा, तो थांबा बाजाचा नाही. कॅसेट उलटतानाचा आहे." आणि मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

"परत लाव." परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग ते म्हणाले, "म्हंजे तीस वर्सं मी मोकळ्या फितीला वा वा केलं म्हण की!" आणि हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत. सून पाणी घेऊन आली, माझ्याकडे एकदा रोखून बघून गेली. "ऐतवारी मीच सांगणार," चाचा म्हणाले. "चूक माझी हाय, माझ्याच तोंडानं जाऊ दे. तवर तू गप ऱ्हा." मी बरं म्हटलं आणि उठले. घरी स्वयंपाक व्हायचा होता.

शनिवारी चाचा गेले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यांच्या मुलानं दुकान उघडून दिलं. मास्तरांनी कॅसेट लावली. थांब्याला तिघांनी श्वास धरला. शालनवहिनींनी पदर डोळ्याला लावला. मीही श्वास धरला, आणि खराब मालावर सही केल्यासारखं वाटलं. पुढचे तीन रविवार तेच. घरी मी माळे काढले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. कधी वाटायचं, आठ दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? कधी वाटायचं, ते हसले होते ना. मग?

गेल्या रविवारी सांगून टाकलं.

शालनवहिनी उसळल्या. "मेलेल्या माणसाची चूक काढतीस व्हय? चाचा काय तुझ्या कारखान्यातला नटबोल्ट हाय?"

"ते स्वतःच सांगणार होते, वहिनी."

मास्तर माझ्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "लाव."

लावलं. चढ आला. श्वास धरले गेलेच. थांबा आला नाही. त्या जागी, आम्ही कधीच न ऐकलेलं, एक बारीक, नाकात बोलणारं वाद्य एकटंच चढ चढत होतं. डुगडुगत, आता पडतंय, आता पडतंय असं... आणि पडलं नाही. पहिल्या हसल्या त्या शालनवहिनी. मग भांडण सुरू झालं. मास्तर म्हणाले, सनई. वहिनी म्हणाल्या, "सनई कसली? मान धरलेलं बदक हाय त्ये." मी क्लॅरिनेटवर ठाम होते, पण मनातून खात्री नव्हती.

मास्तर एकदम माझ्याकडे वळले. "चाचांनी ह्ये ऐकलं हुतं न्हवं? तीनदा? मग कुठलं वाद्य म्हणाले?"

त्यांना एका सुरात कळलं असतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा चाचांचं बोट गोधडीवर हलत होतं, कशाच्या तरी मागं मागं जात होतं. मी मोबाइलच्या पडद्यावर सेकंद बघत होते, थांबा कुठं नाही ते त्यांना नेमकं दाखवायला.

"विचारलं नाही," मी म्हणाले.

शालनवहिनींनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पहिल्यापासून लावला.