समुद्रतळावरचा बाक

समुद्रतळावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र ऑफिसच्या पडद्यावर आलं. आमची तेलाची पाइपलाइन एका जागी भलतीच वाकली होती आणि त्या बाकात एक खेकडा निवांत बसला होता. मला हसू फुटलं. मी ते लपवलं नाही.

गरम तेल वाहू लागलं की पाइप तापून लांबतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून मी आराखड्यात मुद्दाम वळण ठेवलं होतं. "मॅडम, समुद्रात नक्षी काढायची नाहीये," असं सगळ्यांदेखत म्हणत आमच्या साहेबांनी त्यावर लाल फुली मारली. तेव्हा मी गप्प बसले. दाबून ठेवलेला पाइपही बरेच दिवस गप्पच पडून असतो.

आज साहेबांनी दुरुस्तीचा आराखडा मागितला. मी तोच जुना कागद, त्यांच्या लाल फुलीसकट, पुढे सरकवला.

"साहेब, नक्षी पसंत असेल तर सही करा."