ब्रेकमास्तर घाट चढतात

शहरात ज्यांना गाडी चालवता येत होती, त्यांतल्या निम्म्यांना ती ब्रेकमास्तरांनी शिकवली होती. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि सव्वीस वर्षांत मास्तरांचा पाय त्यावरून फारसा हलला नव्हता. जेवताना बायकोने जरा घाईने वाढलं तरी टेबलाखाली तो पाय दाबला जाई.

"जेवताय का गाडी थांबवताय?" ती विचारी.

रस्ताही ठरलेला. ऑफिसपासून बाजार, बाजारापासून पाण्याची टाकी, टाकीला वळसा घालून परत. टाकीच्या पुढे घाट सुरू होई. शिकून गेलेले लोक तो ओलांडून कुठे कुठे फिरून येत, फोटो दाखवत. मास्तर म्हणत, "घाट काय पळून जातोय?" खरी गोष्ट अशी, की पंधरा वर्षांत ते स्वतः स्टीअरिंगला बसलेच नव्हते. पेट्रोल भरायलासुद्धा विद्यार्थीच गाडी नेत. घाटाची त्यांना भीती वाटे, पण हे त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी शिवणकामवाल्या बाईंचा पाचवा तास होता. बाईंचं वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरही त्या तसाच मारत. गाडी टाके घालत चाले. टाकीपाशी पोहोचले तर पाइप फुटलेला, वळशाचा रस्ता खणून ठेवलेला. बाई नाकासमोर सरळ गेल्या.

"अहो बाई! मागे घ्या, मागे घ्या!"

"रिव्हर्स सातव्या दिवशी आहे, मास्तर. आज पाचवा."

"मी सांगतोय ना!"

"न शिकवलेलं करायचं नाही, असं तुम्हीच वहीत लिहून दिलंय. खाली दोन रेघा मारून."

मास्तरांनी ब्रेक दाबला. मागच्या ट्रकने असा काही भोंगा वाजवला, की पाय आपसूक उचलला गेला.

"मग तुम्ही बसता का इथे?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी खिडकीतून दरीकडे पाहिलं आणि लगेच नजर आत घेतली. "छे छे. तास तुमचा. तुमच्या तासात मी कसा चालवू?"

पहिल्या तीन वळणांना त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्याला बाई ओरडल्या, "मास्तर, डोळे उघडा! पलीकडून कोण येतंय ते बघायचं सोडून झोपा कसल्या काढताय?" मास्तरांनी एक डोळा उघडला. बाईंनी न सांगता गिअर बदलला होता, वेळेवर हॉर्न दिला होता, आणि गाडी दरीत नव्हे तर रस्त्यावर होती. मास्तरांनी दुसराही उघडला. खाली डोंगरांच्या रांगा एकीमागून एक फिकट होत गेल्या होत्या. पुढच्या वळणावर ढग खिडकीतून आत शिरला आणि त्यांचा चष्मा ओला करून गेला. मास्तर खदखदून हसले. चपला काढून त्यांनी सीटवर चक्क मांडी घातली.

माथ्यावर चहाची टपरी होती. पहिल्या घोटानंतर मास्तरांनी घरी फोन लावला.

"जेवायला वाट बघू नकोस."

"कुठे आहात?"

"ढगात."

"सकाळी सकाळी घेतलीत की काय?"

"चहा!" मास्तर म्हणाले.

बाई मात्र पलीकडच्या उताराकडे टक लावून होत्या. "खाली तळं दिसतंय."

"तास संपला, बाई."

"सहावा तास आजच घ्या की. उद्या तळं काय टाकीपाशी चालत येणार आहे?"

मास्तर ग्लास ठेवून उठले. तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात मग सहावाच काय, सातवाही तास झाला. रिव्हर्समध्ये मागे जाणाऱ्या गाडीला तिथे चरणाऱ्या शेळ्या काही केल्या वाट देईनात, तेव्हा मास्तर स्वतः खाली उतरून त्यांना हाकलत राहिले. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. उन्हं कलली तशा बाई म्हणाल्या, "माझे पाय गेले. आता तुम्ही चालवा."

आता सुटका नव्हती. मास्तर स्टीअरिंगला बसले. गाडी इतकी हळू चढली, की एक सायकलवाला बाजूने पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, "शिका, शिका, काका! येईल हळूहळू!" बाई शेजारून दर वळणाला ब्रेक दाबत होत्या.

"पाय काढा हो तो!" मास्तर कळवळले. "अशाने माणूस शिकणार कधी?"

घरी पोहोचले तेव्हा बायको पायरीवर बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, इतकी वर्षं लपवलेली भीतीसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तळ्याच्या पुढे काय आहे?"

"माहीत नाही."

"मग बघून येऊ." ती उठली आणि पिशवी भरायला आत गेली.